चि. शकुन

दिघोरीच्या शकुनबाईंचं हसणं ज्याने ऐकलं नाही असा माणूस शोधायचा, तर दिघोरीच्या बाहेर जावं लागेल, आणि बाहेर म्हणजे चांगलं लांब. बाई तलावाच्या पाळीवर हसली की पलीकडच्या बांध्यांत धानाचा रोवणा करणाऱ्या बाया चिखलातच कंबर सरळ करायच्या आणि ओरडून विचारायच्या, काय झालं वं, आमालेबी सांग. पुष्कळदा सांगण्यासारखं काही झालेलंच नसे. बकरी शिंकली असेल, नाहीतर कुणाच्या नव्या जावयाची चप्पल तलावाच्या गाळात रुतून बसली असेल. एवढ्या भांडवलावर शकुनबाई संध्याकाळपर्यंत हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगून पुन्हा हसायच्या.

त्या शकुनबाई गेल्या साली दिवाळीनंतर वारल्या. धान खळ्यात पडलं होतं आणि गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे आणि रात्रभरच्या नाटकांचे, दिवस तोंडावर आले होते. आता पुन्हा दिवाळी सरली, पुन्हा धान खळ्यात आलं, आणि शकुनबाईंची पहिली वरसी आली.

वरसीची तयारी सुनेने, म्हणजे दीपमालाने, चोख केली होती. महाराजांना सांगून झालं होतं, पंगतीचं सामान आलं होतं, आणि वर्षभर चुलीवर न चढलेली तळणाची कढई घासूनपुसून उन्हात पालथी पडली होती. शकुनबाईंचा मुलगा भोजराज याला करायला तसं काही उरलंच नव्हतं. तरी महिनाभर त्याच्या जिवाला घोर लागला होता, आणि तो घोर बायकोलाही सांगण्यासारखा नव्हता.

भोजराजला आई आठवत नव्हती.

म्हणजे माहिती सगळी होती. आई हसरी होती, आई भांडकुदळ होती, आईला बोरं आवडायची, हे सगळं त्याला माहीत होतं, जसं तालुक्याचं नाव माहीत असतं तसं. पण डोळे मिटून तिला समोर आणायला गेलं की एकच चेहरा यायचा, नागपूरच्या दवाखान्यातला. डोळे खोल गेलेले, नाकातोंडावर मास्क, मास्कच्या आत वाफ. त्याच्या आधीची एवढी मोठी धिप्पाड आयुष्यभराची आई त्या मास्कच्या मागे कुठे गडप झाली, ते त्याला कळत नव्हतं. शहापूरला दिलेली त्याची बहीण कामिनी फोनवर म्हणायची, "दादा, आईनं त्या कंडक्टरची कशी मजा केली होती, आठवते ना?" भोजराज म्हणायचा, "हो हो, आठवते." आणि फोन ठेवून खोटं बोलल्यासारखा बसून राहायचा.

याला कारण होतं. शकुनबाईंना फुप्फुसाचं दुखणं होतं. हसल्या की खोकला यायचा आणि खोकला आला की दम लागायचा. डॉक्टर जाता जाता बोलून गेले, यांना हसवू नका. डॉक्टर बोलले आणि विसरले; भोजराजने त्याचा कायदा केला. घरी आणल्यावर तो दारात खुर्ची टाकून बसायचा आणि भेटायला येणाऱ्याला आधी ताकीद द्यायचा, "आईले हासवू नोका." त्याचा बालमित्र धनीराम याला तर त्याने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, कारण शकुनबाईंना हसवणं सोडून धनीरामला दुसरं काही येतच नव्हतं. औषधं वेळेवर, पथ्य वेळेवर, अंग पुसणं, भरवणं, सगळं भोजराजने स्वतःच्या हाताने केलं. एवढं केलं तरी तिला पुन्हा नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथेच आई गेली. आणि दारावरचा कायदा मात्र तसाच राहिला. भोजराज दिसला की लोक चालू असलेली थट्टा मधेच थांबवून धानाच्या भावाबद्दल बोलायला लागायचे.

त्याची सगळी आशा वरसीवर होती. सगळं यथासांग झालं, कुठे बोट ठेवायला जागा राहिली नाही, तर कदाचित मन निवळेल आणि आई परत दिसेल, असा त्याचा हिशेब. म्हणूनच तो वाकडंतिकडं काही खपवून घेणार नव्हता.

फ्लेक्सची टूम कामिनीची. "दादा, आजकाल सारेच लावते. घरासमोर आईचा मोठा फोटो पायजे." भोजराजला ते पटलं. कामिनी म्हणाली, फोटो मी दुकानवाल्याला मोबाईलवर पाठवते, तू फक्त ऑर्डर दे. हे बरं झालं, कारण भोजराजच्या मोबाईलमध्ये आईचे जे फोटो होते त्यातले अर्धे तिच्या एक्सरेचे होते. त्याने साकोलीच्या एका दुकानात फोन लावला. तो उभा होता खळ्यात, आणि दहा पावलांवर थ्रेशर चालू होता. शहाण्या माणसाने आधी थ्रेशर बंद करायला सांगितला असता. पण भोजराज घाईत होता.

"पयली वरसी हाय!" तो ओरडला.

"पयलं वरीस? अरे वा!" पलीकडून आवाज आला. त्यातलं 'अरे वा' थ्रेशरने गिळलं. "नाव काय लिवू?"

"शकुन..." पुढचं 'बाई' धानाच्या भुशाबरोबर उडून गेलं. "शकुन गहाणे! दिघोरी!"

"साधा करू का रंगीत?"

आईला रंग आवडायचे, हे भोजराजला माहीत होतं. "रंगीतच कर!"

"फुगे टाकू?"

भोजराजला ऐकू आलं, फुलं टाकू? "हो म्हनलं ना बाप्पा, टाक! मोठेमोठे टाक! कमी नोको पडू देऊ!"

असा सौदा ठरला.

वरसीच्या दिवशी सकाळी धनीराम मोटारसायकलवर साकोलीहून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आला. भोजराज आत महाराजांसमोर पाटावर बसला होता, पाठ अंगणाकडे. धनीरामने त्याला हाक मारली नाही. वर्षभरात ती सवयच गेली होती. शेजारच्या दोघांना धरून त्याने शिडी लावली आणि फाटकासमोर दोन बल्ल्यांना फ्लेक्स बांधायला घेतला. वरची दोरी बांधताना त्याचं नाक फ्लेक्सला टेकलं होतं, आणि तेवढ्या जवळून कुणालाच काही वाचता येत नाही. खाली उतरून, हात झटकून, नीट लागला की नाही हे बघायला तो रस्त्याच्या पलीकडे गेला, वळला, आणि बघताबघता मट्कन खाली बसला.

आत महाराजांचे मंत्र चालू होते. भोजराजला अंगणातून एक विचित्र आवाज आला. कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसत असावं तसा. मग दुसरा तसाच. मग कामिनीचा आवाज, "अगं बाई गं!" आणि तिच्या पाठोपाठ दीपमाला, जी सासूच्या आजारपणापासून त्याच्यासमोर मोठ्याने हसली नव्हती, ती भिंतीला धरून खुदखुदताना ऐकू आली. भोजराजचं डोकं तापलं. आज? आजच्या दिवशी? महाराजांना हाताने थांबवून तो तसाच ओल्या हाताने बाहेर आला.

फ्लेक्स गुलाबी होता. चारी कोपऱ्यांत फुगे, मोठेमोठे, कमी पडू दिलेले नव्हते. खाली दोन्ही बाजूंना एकेक अस्वल, गळ्यात रिबीन बांधलेलं. मधे तीन मजली केक आणि त्यावर एकच मेणबत्ती, तीही एकच्या आकड्याची. केकच्या वर गोलात शकुनबाई, कामिनीच्या नणंदेच्या लग्नातल्या, डोळे मिटून, दात दाखवत मनसोक्त हसणाऱ्या. आणि त्यांच्या डोक्यावरच्या पदरावर, जणू माप घेऊन शिवल्यासारखी, सोनेरी कागदाची टोकदार टोपी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "चि. शकुन हिला पहिल्या वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!" आणि खाली: "बाळाला उदंड आयुष्य लाभो. शुभेच्छुक: समस्त गहाणे परिवार, दिघोरी."

भोजराजने ते दोनदा वाचलं. मग त्याने खिशातून मोबाईल काढून दुकानवाल्याला फोन लावला आणि जे बोलला ते पाटावरून उठून आलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

दुकानवाला शांत होता. "भाऊ, तुमीच म्हनले पयलं वरीस. म्या म्हनलं नातीचं नाव आजीवरून ठेवलं असन."

"अन् फोटो? म्हातारीचा फोटो दिसला नाई तुले?"

"दिसला ना. आजीचा म्हनून लावला. लोक आजकाल काय काय लावते भाऊ, आमी विचारत नाई. परवा एकानं बैलाचा लावला. दुसरा बनवून देतो, फुकट. संध्याकाळी या."

संध्याकाळी! पंगत दुपारची होती. भोजराजने फोन ठेवला आणि शिडीकडे हात केला. "आन ते शिडी. कोन हासलं? आईची वरसी हाय का तमाशा हाय हा?" धनीराम रस्त्यावरून उठला आणि मान खाली घालून शिडी आणायला निघाला. सगळ्यांची तोंडं एकदम गोरीमोरी झाली. दीपमाला आत पळाली.

नेमकी त्याच वेळी ऑटो थांबली आणि तिच्यातून सुंदरबाई उतरल्या. या शकुनबाईंच्या पाठच्या बहीण, भोजराजची मावशी. हातात थैली, थैलीत बोरं, पायाला सूज, आणि जीभ बहिणीइतकीच धारदार. मावशीला अक्षरओळख नव्हती. तिने फाटकात उभं राहून वर बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"अवं माय! शकुन! कशी मस्त दिसून राहिली वं! अन् डोक्स्यावर काय हाय हे, मुकुट?"

मावशीने थैली या हातातून त्या हातात घेतली.

"काय लिवलं हाय रे? वाचून दाखवा ना कोनी."

सगळे भोजराजकडे बघायला लागले. भोजराज बल्लीकडे. शेवटी कामिनीने धीर केला आणि हळू आवाजात सगळं वाचलं, उदंड आयुष्यापर्यंत. मावशी ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काहीच दिसेना, आणि कामिनीला वाटलं, आता ही बसणार ऊर बडवायला.

"पयला वाढदिवस?" मावशी म्हणाली.

"चुकलं मावशी," भोजराज म्हणाला. "दुकानवाल्यानं चुकवलं. आताच उतरवतो."

"काहून उतरवतो? खरंच तं हाय. तिचा पयलाच हाय हा." मावशीने थैली खाली ठेवली. "आमच्या बापानं आमची जनमतारीख कधी लिवली नाई. म्हशीची लिवली होती भिताडावर कोळशानं. म्हस कवा व्याली ते मालूम, पोरी कवा झाल्या ते नाई मालूम. मंग ते आधारवाला आला अन् त्यानं दोघी बहिनीइले एक जानेवारी देल्ली. अर्ध्या गावाले एक जानेवारी. त्या दिवशी शकुन मले म्हने, बाई, आपला साऱ्याइचा वाढदिवस एकाच दिवशी, तं केक कोन कापन अन् टाळ्या कोन वाजवन?"

आणि मावशी हसली. पहिल्यांदा नाकातून, मग पोटातून, मग सुजलेल्या पायाला हात लावत खाली वाकून. तिच्या मागोमाग कामिनी. शिडी धरून उभा असलेला धनीराम भोजराजच्या तोंडाकडे बघत होता, त्याला बिचाऱ्याला हसावं की शिडी लावावी हे कळेना.

"मावशी, लोक येतीन आता," भोजराज दातओठ खात म्हणाला. "काय म्हनतीन?"

"म्हनू दे." मावशीने तिथेच, फ्लेक्सच्या बरोबर खाली, अंगणातली खुर्ची ओढली आणि त्यावर ऐसपैस बसली. "आधी मले काढ इथून. मंग हे काढ."

मावशीला काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आतून महाराज ओरडले, यजमान, पिंड वाळून राहिले. भोजराज पाय आपटत पाटावर जाऊन बसला. पुढचा विधी त्याने यंत्रासारखा केला. मनातून तो पार खचला होता. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवसाचे असे धिंडवडे निघाले होते, आता आई काय डोंबलाची दिसणार? पिंडाला नमस्कार करून त्याने डोळे मिटले. मास्क. फक्त मास्क.

दुपारी लोक यायला लागले. दुःखाच्या घरी जायचं म्हणून प्रत्येकाने घरूनच तोंड लांब करून आणलं होतं. ते तोंड फाटकापर्यंत टिकायचं. तिथे नजर वर जायची, अस्वलांवरून केकवर, केकवरून टोपीवर, आणि मग त्या लांब तोंडाचं काय करावं हे माणसाला समजेनासं व्हायचं. गावचे एक बुजुर्ग तर चष्मा पुसून तीनदा वाचून हात जोडून आत आले आणि भोजराजला म्हणाले, "फार वाईट झालं गा," आणि दुसऱ्या श्वासाला त्यांना ठसका लागला, तो पाणी पाजलं तरी थांबेना.

पंगत बसली आणि जिभा सुटल्या. वर्षभर भोजराजच्या धाकाने कोंडून ठेवलेली शकुनबाई पत्रावळी-पत्रावळीवरून बाहेर पडायला लागली. एकीने सांगितलं, शकुनबाईने बसमध्ये कोंबडीचं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरला म्हटलं होतं, मंग तिले खिडकीजवळची सीट दे. दुसरी म्हणाली, माझ्या लग्नात नवरदेव रुसला तेव्हा शकुनबाईने त्याला काय सांगितलं ते मी इथे सांगू शकत नाही. आणि मग शेजारणीच्या कानात सांगितलंच. आतून वड्यांचा घाणा उतरत होता, दीपमाला कढईवरून उठून दारात येऊन ऐकत होती आणि वडे करपवत होती.

भोजराज वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता. हे सगळं त्याच्या कानावर पडत होतं. कंडक्टर त्याला माहीत होता. नवरदेव माहीत होता. माहीतच होतं सगळं, दिसत काही नव्हतं. इतके लोक तिला बघून आल्यासारखे बोलत होते आणि तिचा एकुलता एक पोरगा त्यांच्यात परक्यासारखा वरण वाढत होता. त्याला रडू येईल असं वाटायला लागलं, आणि तेही रागाचं.

तेवढ्यात धनीरामने तोंड उघडलं. वर्षभराच्या उपासानंतर तो पंगतीच्या मधोमध बसला होता, दोन वडे पोटात गेले होते आणि अंगात वारं भरलं होतं.

"अन् ते मंडईचं नाटक?" तो म्हणाला. "आमी लहान होतो तवाचं. त्या नाटकात एक पोरगा बायकोचं ऐकून आपल्या मायले घराबाहेर काढते. माय रडून राहिली, पोरगा ढकलून राहिला. अन् आपली शकुनमावशी उठली ना बाप्पा पब्लिकमंदून! सरळ स्टेजवर! अन् त्या हिरोले अशी थापड ठेवून देल्ली, अशी ठेवून देल्ली, का त्याची मिशी निंघाली अन् सरपंचाच्या मांडीवर पडली!"

पंगत हसून हसून लोटपोट झाली. "मिशी!" मावशी फ्लेक्सखालून ओरडली.

"खोटं," भोजराज म्हणाला.

हसणं थांबलं. बादली हातात घेऊन तो धनीरामसमोर उभा होता. लोकांना वाटलं, झालं, आता हा धनीरामला पंगतीवरून उठवतो.

"थापड नाई मारली तिनं," भोजराज म्हणाला.

"अरे, म्या सोताच्या डोयानं पायलं!"

"तू काय पायलं? तू चनेफुटान्याच्या ठेल्यापाशी होता, तुले तिथूनच धरून आनलं होतं तुह्या बापानं. थापड नाई मारली अन् मिशी नाई पडली. मिशी त्या हिरोले नव्हतीच."

"मंग काय केलं? सांग ना तूच."

भोजराजला फक्त चूक दुरुस्त करायची होती. आजच्या दिवशी निदान आईबद्दल काहीतरी खरं बोललं जावं, एवढंच. तो बोलायला लागला.

"आमी धानाचा रिकामा बोरा अंथरून बसलो होतो. पुढंच. आई, मी अन् कामिनी. कामिनी झोपली होती तिच्या मांडीवर. आई पयलेपासूनच बडबडून राहिली होती, हा पोरगा बरा नाई, याचे लक्षन बरे नाई. मंग त्यानं मायले ढकललं. तं आईनं कामिनीले बोऱ्यावर ठेवलं, पदर खोचला अन् उठली. अन् माहा हात धरला."

तो थांबला. हात. उजवा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, मनगटाजवळ विळ्याची जुनी खूण असलेला. तो त्याला दिसत होता.

"मले वाटलं घरी चाललो. तं हे मले घेऊनच स्टेजवर चढली! लाईट असा डोयात, काई दिसे नाई. तो हिरो घामाघूम, त्याचा पावडर वघळून राहिला. त्याले वाटलं बाई आता मारते. आईनं मारलं नाई. ते म्हने, बाबू, तुले समजत नाई, तू शिकलेला नाई. हा बघ माहा पोरगा. एवढासा हाय, पन याले इचार, हा मले कधी घराबाहेर काढन का? इचार!"

पंगतीत कुणी जेवत नव्हतं. आतून कढईतला वडा जळल्याचा वास आला, तरी दीपमाला दारातून हलली नाही.

"तो हिरो काय इचारन? तो तं आपलं पुढचं वाक्य आठवत होता. मंग आईनंच ते माईकचा दांडा वाकवला, असा खाली, अन् माह्या तोंडासमोर धरला. अन् वाकून म्हने, बोल. घाबरू नोको. बोल."

"अन् तू काय म्हनला?" मावशीने विचारलं.

भोजराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांनंतरही.

"म्या म्हनलो... नाई काढन."

"बरोबर म्हनला," एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

"मंग म्हनलो, पन हे मले लय मारते."

अंगण फुटलं. बुजुर्गांना पुन्हा ठसका लागला. धनीराम पत्रावळीवर आडवा झाला. आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या मधे भोजराजला दुसरंच हसणं ऐकू आलं. माईक अजून चालूच होता त्या दिवशी, आणि आई त्याच्या कानाशी वाकलेली होती, आणि ते ऐकून ती जी हसली ते चारी भोंग्यांतून हसली, सगळ्या मंडईवर, तलावापर्यंत. तिचे वरचे दात, त्यातला एक जरा आडवा. कपाळावरचं मोठं कुंकू, घामाने पसरलेलं. डोळे मिटलेले, त्यांतून पाणी. त्याच्या खांद्यावर तिने भार टाकला होता, नाहीतर हसताहसता पडली असती. सगळी आई दिसत होती त्याला, एकदम जवळून, मास्कबिस्क काही नाही.

तो हसत होता. बादली कलंडून वरण पायावर सांडत होतं, ती कामिनीने धावत येऊन धरली. "दादा!" ती म्हणाली, कारण हसताहसता त्याचे डोळे वाहायला लागले होते.

मग भोजराजच्या तोंडावर असं काही आलं की कामिनीने बादली खाली ठेवली.

"कामिनी," तो म्हणाला. "दवाखान्यात. शेवटच्या दिवसाइत. एक दिवस दुपारी तिनं मास्क काढला. सोताच्या हातानं. म्या म्हनलो, आई, काढू नोको. तं तिनं तो मास्क माह्या तोंडासमोर धरला. असा. अन् म्हने, बोल."

"बोल?" कामिनीने विचारलं.

"मले वाटलं वातात गेली. डोस्कं फिरलं तिचं. मले म्हने, बोल, घाबरू नोको. अन् डोये असे बारीक केले. म्या मास्क हिसकला अन् परत लावून देल्ला. रागावलो तिच्यावर." भोजराजने हाताच्या पाठीने नाक पुसलं. त्याला पुन्हा हसू फुटत होतं आणि ते त्याच्याने आवरेना. "अवं, ते मजाक करून राहिली होती! आई मजाक करून राहिली होती, अन् मी नर्सले बोलावलं!"